चोवीस वर्षे, एक अध्यक्ष, तेरा मॅनेजर: टॉटनहॅम हॉटस्परचे प्रकरण

पार्श्वभूमी

२१ मे २०२५ च्या रात्री स्पेनमधील बिल्बाओ येथे लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर या फुटबॉल क्लबने मँचेस्टर युनायटेडला १-० असे हरवून युरोपा लीग ही युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा जिंकली. एकमेव गोल ब्रेनन जॉन्सनच्या नावावर लागला, पण तो इतका ओबडधोबड होता की चेंडू नेमका कोणाला लागून आत गेला हे कळायला पुन्हा पुन्हा चित्रण पाहावे लागले. आपल्याकडे तेव्हा २२ मे उजाडून रात्रीचे दोन वाजून गेले होते, आणि जागून सामना पाहणाऱ्यांना गोलच्या सौंदर्याशी काही देणेघेणे नव्हते. सतरा वर्षांनी क्लबला करंडक मिळाला होता. त्यानंतर सोळा दिवसांनी, ६ जूनला, तो करंडक जिंकून देणाऱ्या अँज पोस्टेकोग्लू यांना क्लबने नारळ दिला.

क्रिकेटच्या सवयीमुळे 'मॅनेजर' म्हटले की आपल्याला संघाची तिकिटे आणि सामान सांभाळणारा गृहस्थ आठवतो. इंग्लिश फुटबॉलमध्ये मॅनेजर हा मुख्य प्रशिक्षक असतो. संघ तो निवडतो, डावपेच तो ठरवतो आणि पराभवानंतर पत्रकारांपुढे बसतोही तोच. त्याला नेमणे, काढणे आणि खेळाडूंच्या खरेदीसाठी पैसा मोकळा करणे हे मात्र अध्यक्षाच्या हाती असते. टॉटनहॅममध्ये २००१ च्या सुरुवातीपासून सप्टेंबर २०२५ पर्यंत हे पद डॅनियल लेव्ही यांच्याकडे होते. 'एनिक' या गुंतवणूक कंपनीने अ‍ॅलन शुगर यांच्याकडून क्लबची सूत्रे घेतली तेव्हा लेव्ही त्या खुर्चीवर बसले. या काळात त्यांनी तेरा पूर्णवेळ मॅनेजर नेमले: ग्लेन हॉडल, जाक सान्तिनी, मार्टिन योल, ह्वांदे रामोस, हॅरी रेडनॅप, आंद्रे व्हिलास-बोआस, टिम शेरवूड, मॉरिसियो पोचेटिनो, जोझे मोरिन्यो, नूनो एस्पिरितो सान्तो, आंतोनियो कॉन्ते, पोस्टेकोग्लू आणि थॉमस फ्रँक. मधल्या काळात खुर्ची सांभाळणारे हंगामी लोक यात धरलेले नाहीत. या साऱ्या काळात मोठे करंडक दोन आले: २००८ चा लीग कप (इंग्लंडमधली एक बाद पद्धतीची स्पर्धा) आणि २०२५ ची युरोपा लीग.

फ्रँक यांची कारकीर्द लेव्ही असताना जेमतेम सुरू झाली होती, म्हणून त्यांना बाजूला ठेवून उरलेल्या बाराजणांचा हिशेब मांडला तर चित्र विचित्र दिसते. योल, रेडनॅप आणि पोचेटिनो या तिघांनी मिळून सुमारे बारा वर्षे काढली. उरलेल्या नऊजणांच्या वाट्याला मिळून अकराहूनही कमी वर्षे आली, म्हणजे माणशी सरासरी चौदा-पंधरा महिने.

नेमका प्रश्न

मॅनेजर वारंवार बदलले म्हणून क्लब मागे राहिला, आणि बदल अध्यक्षाने केले म्हणून दोष त्याचा, हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. शेजारच्या चेल्सीचे उदाहरण समोर ठेवले की तो टिकत नाही. रोमान अब्रामोविच यांच्या मालकीच्या २००३ ते २०२२ या काळात चेल्सीनेही मॅनेजर सढळ हाताने बदलले. मार्च २०१२ मध्ये व्हिलास-बोआस यांना काढून रॉबर्टो दि मात्तेओ यांच्याकडे संघ सोपवला आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकली. जानेवारी २०२१ मध्ये फ्रँक लॅम्पार्ड जाऊन थॉमस टुखेल आले, आणि चार महिन्यांनी तोच करंडक पुन्हा चेल्सीकडे आला. खांदेपालटाने संघ बुडतोच असे असते, तर हे घडले नसते.

म्हणून या प्रकरणात प्रश्न थोडा वेगळा विचारला पाहिजे. माणूस काढण्याचा निर्णय चुकला, की ज्याला नेमले त्याची निवड चुकली, की दोन्ही ठीक असून वेळ चुकली? हे तीन वेगवेगळे दोष आहेत, आणि टॉटनहॅमच्या समर्थकांच्या घोषणांमध्ये ते नेहमी एकत्र कालवले जातात.

पहिला प्रसंग: ऑक्टोबर २००७

मार्टिन योल हे मुळात सान्तिनी यांचे सहायक. सान्तिनी तेरा सामन्यांत राजीनामा देऊन गेले, म्हणून नोव्हेंबर २००४ मध्ये योल यांना बढती मिळाली. या धिप्पाड डच गृहस्थाने संघाला २००६ आणि २००७ असे सलग दोन हंगाम पाचव्या स्थानावर नेले. त्याआधीची कित्येक वर्षे टॉटनहॅमने गुणतक्त्याच्या मध्यावर काढली होती.

२००७ च्या हंगामातले पहिले दोन सामने संघ हरला. त्याच आठवड्यात क्लबचे पदाधिकारी सेव्हिलच्या एका हॉटेलात रामोस यांच्यासोबत असल्याची छायाचित्रे स्पॅनिश वृत्तपत्रांत झळकली. रामोस तेव्हा सेव्हिया संघाचे प्रशिक्षक होते आणि त्यांनी लागोपाठ दोन यूएफा कप (युरोपा लीगचे तेव्हाचे नाव) जिंकले होते. योल यांची नोकरी कायम होती, पण त्यांची जागा दुसऱ्याला देऊ केली जात आहे हे ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला वृत्तपत्रातून कळले होते. पुढचे दहा आठवडे त्यांनी याच अवस्थेत संघ चालवला.

२५ ऑक्टोबरला व्हाइट हार्ट लेन या घरच्या मैदानावर स्पेनच्या गेताफेविरुद्ध सामना होता. खेळ सुरू असतानाच योल यांना काढल्याची बातमी मोबाइलवरून प्रेक्षकांत पसरली. स्टँडमध्ये त्यांच्या नावाचा गजर सुरू झाला, आणि तो का चालला आहे हे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला कोणी अधिकृतपणे सांगितलेले नव्हते. टॉटनहॅम तो सामना २-१ असा हरले.

योल यांना काढण्याचा विचारच चूक होता असे मी म्हणणार नाही, कारण त्या हंगामाची सुरुवात खरोखर वाईट झाली होती. चूक पद्धतीची होती. नव्या माणसाशी बोलणी सुरू झाली त्या दिवशी जुन्याचा अधिकार संपला, पण जबाबदारी मात्र त्याच्याच खांद्यावर राहिली. रामोस यांनी चार महिन्यांत लीग कप जिंकून दिला, त्यामुळे या पद्धतीची चौकशी कोणी केली नाही. मग २००८ च्या उन्हाळ्यात क्लबने रॉबी कीन आणि दिमितार बर्बातोव हे दोन्ही आघाडीचे गोलवीर विकले. पुढच्या हंगामात आठ सामन्यांत दोन गुण झाले, तेव्हा रामोसही गेले आणि त्यांच्याबरोबर क्रीडा संचालक दामियँ कोमोली यांनाही काढण्यात आले.

दुसरा प्रसंग: नोव्हेंबर २०१९

हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून तो सविस्तर पाहू.

पोचेटिनो मे २०१४ मध्ये साउदम्प्टनहून आले. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी तरुण आणि तुलनेने स्वस्त संघाला सलग चार वेळा पहिल्या चारांत, म्हणजे चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश देणाऱ्या स्थानांत, बसवले, आणि १ जून २०१९ रोजी माद्रिद येथे चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचवले. तेथे लिव्हरपूलने २-० ने हरवले. ही मजल संघाने कोणत्या परिस्थितीत मारली, तेही पाहिले पाहिजे. जुने मैदान पाडून त्याच जागी ६२,८५० आसनांचे नवे स्टेडियम उभे राहत होते. त्यासाठी क्लबने ६३ कोटी ७० लाख पौंडांपर्यंतच्या कर्जाची सोय केली होती. घरचे सामने जवळजवळ दोन वर्षे वेम्बली या राष्ट्रीय स्टेडियममध्ये होत होते, कारण बांधकाम लांबले आणि नव्या मैदानात पहिला सामना एप्रिल २०१९ मध्येच झाला. २०१८ च्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या जानेवारीत क्लबने एकही नवा खेळाडू घेतला नाही. २०१७-१८ च्या हिशेबात करानंतरचा नफा मात्र ११ कोटी ३० लाख पौंड होता. जगातल्या कोणत्याही फुटबॉल क्लबने तोवर एका वर्षात एवढा नफा दाखवला नव्हता.

संघाची पुनर्बांधणी करावी लागेल आणि त्यासाठी धाडसी निर्णय हवेत, असे पोचेटिनो २०१८ पासून जाहीरपणे सांगत होते. ती झाली नाही. क्रिस्टियन एरिक्सन, टोबी आल्डरवाइरेल्ड आणि यान व्हर्टोंघन यांचे करार २०२० च्या उन्हाळ्यात संपणार होते. त्यांना वेळेत विकलेही गेले नाही आणि तोवर त्यांच्याशी नवे करारही झाले नव्हते. २०१९ च्या शरद ऋतूत हे सारे एकदम अंगावर आले. तळाच्या विभागातील कोलचेस्टरने लीग कपमधून बाहेर काढले, बायर्न म्युनिकने घरच्या मैदानावर ७-२ अशी धूळ चारली, आणि नोव्हेंबरच्या मध्याला बारा सामन्यांतून चौदा गुणांसह संघ चौदाव्या स्थानी होता.

अध्यक्षांपुढे तेव्हा तीन मार्ग होते. पोचेटिनो यांना ठेवून जानेवारीत संघ बदलायला सुरुवात करणे, हा पहिला. त्यात पैसा लागणार होता आणि हंगाम वाया जाण्याचा धोका होता. हंगामाअखेर सन्मानाने निरोप देऊन तोवर शांतपणे उत्तराधिकारी शोधणे, हा दुसरा. त्यात धोका होता तो चॅम्पियन्स लीगचे उत्पन्न बुडण्याचा, आणि नव्या स्टेडियमचे कर्ज डोक्यावर असताना हा धोका किरकोळ नव्हता. तिसरा मार्ग लगेच बदल करण्याचा.

लेव्ही यांनी तिसरा मार्ग निवडला. १९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पोचेटिनो गेल्याची घोषणा झाली आणि २० तारखेच्या सकाळी मोरिन्यो यांचे नाव जाहीर झाले.

पोचेटिनो आणि खेळाडू दोघेही थकले होते आणि बदलाच्या बाजूने प्रामाणिक युक्तिवाद करता येत होता. माझा आक्षेप उत्तराधिकाऱ्याच्या निवडीवर आहे. पोचेटिनो यांनी पाच वर्षे प्रतिस्पर्ध्यावर पुढे सरसावून दबाव टाकणारा, धावणारा, तरुण संघ घडवला होता. मोरिन्यो यांची ख्याती तयार, अनुभवी खेळाडूंना घेऊन बचाव आवळण्याची. संघात दुखणे होते ते खेळाडूंचे वय, करार आणि थकवा यांचे. उपाय मात्र मॅनेजरचे नाव मोठे करण्याचा झाला. म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून दारावर नवी पाटी लावली गेली.

तिसरा प्रसंग: एप्रिल ते जून २०२१

मोरिन्यो यांना १९ एप्रिल २०२१ रोजी काढले. सहा दिवसांनी, २५ एप्रिलला, वेम्बलीवर मँचेस्टर सिटीविरुद्ध लीग कपचा अंतिम सामना होता. तेरा वर्षांतल्या पहिल्या करंडकाची संधी दाराशी असताना संघाची सूत्रे रायन मेसन या एकोणतीस वर्षांच्या माजी खेळाडूकडे गेली, आणि टॉटनहॅम १-० असे हरले. मोरिन्यो राहिले असते तर सामना जिंकलाच असता असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण अंतिम सामने जिंकणे हीच ज्यांची ख्याती, म्हणून ज्यांना आणले, त्यांना नेमके अंतिम सामन्याच्या आठवड्यात घरी पाठवणे हे त्या नेमणुकीमागच्या मूळ विचारालाच धरून नव्हते. योगायोग असा की, एनिकने सूत्रे घेतली त्या वर्षीही, मार्च २००१ मध्ये, तेव्हाचे मॅनेजर जॉर्ज ग्रॅहम यांना एफए कपचा उपान्त्य सामना तीन आठवड्यांवर असताना काढले होते.

पुढचे ७२ दिवस क्लबला पूर्णवेळ मॅनेजर नव्हता. मे महिन्यात लेव्ही यांनी समर्थकांना उद्देशून लिहिले की क्लबच्या रक्तात काय आहे याचा मधल्या काळात विसर पडला होता, आणि आता मुक्त, आक्रमक खेळाचा वारसा जपणारा माणूस शोधला जाईल. कॉन्ते यांच्याशी बोलणी झाली आणि फिसकटली. पावलो फोन्सेका यांच्याशी जवळजवळ ठरले आणि मोडले. जेनारो गात्तुसो यांचे नाव समर्थकांच्या विरोधामुळे मागे पडले. अखेर ३० जूनला नेमले गेले ते नूनो, ज्यांचा वूल्व्ह्‌ज संघ सावध बचावासाठी आणि प्रतिहल्ल्यासाठी ओळखला जात होता. ऑगस्टमध्ये त्यांना महिन्यातील सर्वोत्तम मॅनेजरचा किताब मिळाला आणि १ नोव्हेंबरला त्यांना काढण्यात आले. मग उन्हाळ्यात नकार दिलेले कॉन्ते आले.

अध्यक्षाने स्वतःच लेखी निकष जाहीर केला आणि सहा आठवड्यांत स्वतःच तो बाजूला ठेवला, इतका स्वच्छ पुरावा अशा प्रकरणांत सहसा हाती लागत नाही. नूनो चांगले प्रशिक्षक आहेत की नाहीत हा येथे मुद्दाच नाही. त्यांना ज्या मोजपट्टीने निवडले नव्हते, त्याच मोजपट्टीने समर्थकांनी त्यांना मोजले.

अध्यक्षांची बाजू

लेव्ही यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, आणि ते तोंडदेखले नाही. त्यांनी क्लबला जगातल्या उत्तम स्टेडियमांपैकी एक दिले, प्रशिक्षण केंद्र दिले आणि बाहेरच्या श्रीमंत मालकाच्या थैलीवर विसंबून न राहता क्लब आपल्या पायावर उभा ठेवला. ज्या स्पर्धेत चेल्सी आणि मँचेस्टर सिटी मालकांच्या पैशावर धावत होते, तिथे हे सोपे नव्हते. शिवाय लेव्ही हे काही एकमेव मालक नव्हते. एनिकमधला मोठा हिस्सा लुईस कुटुंबाशी संबंधित न्यासाचा होता.

काही गच्छंत्या तर कोणत्याही अध्यक्षाने केल्या असत्या. आठ सामन्यांत दोन गुण असताना रामोस यांना ठेवणे अशक्य होते. कॉन्ते यांनी १८ मार्च २०२३ रोजी साउदम्प्टनशी ३-३ बरोबरीनंतर पत्रकारांसमोर खेळाडूंना स्वार्थी ठरवले, आणि वीस वर्षे हाच मालक असून काही जिंकले का जात नाही, असा सवालही केला. त्यानंतर आठ दिवसांत ते गेले. कॉन्ते यांचा सवाल बिनतोड होता, असे मला आजही वाटते. पण तो विचारणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच खेळाडूंना सरावाला बोलावू शकत नाही, हेही तितकेच खरे.

पण ही बाजू नेमकी जिथे लंगडी पडते ते ठिकाण म्हणजे वेतन. उत्पन्न वाढत गेले तरी शेवटच्या दशकात बहुतेक वर्षी टॉटनहॅमचा वेतनखर्च उत्पन्नाच्या निम्म्याच्याही खाली राहिला, आणि बड्या क्लबांच्या तुलनेत हे प्रमाण फारच कमी होते. मोरिन्यो आणि कॉन्ते यांच्यासारखे प्रशिक्षक भारी पगाराच्या, तयार खेळाडूंच्या जोरावर जिंकतात. ज्या क्लबाचे धोरण तरुण घ्या, घडवा आणि प्रसंगी विका असे आहे, त्याने हे दोघे का आणावेत? धोरण एक आणि नेमणूक दुसऱ्याच धोरणाची, हे दोन्ही निर्णय एकाच टेबलावरून झाले होते.

तेरा नावांची यादी पुन्हा पाहताना आणखी एक गोष्ट जाणवते. ज्या तिघांनी सर्वांत जास्त काळ काढला, त्यांतला एकही गाजावाजाने आणलेला नव्हता. योल बढतीने आले. रेडनॅप यांना संघ तळाशी असताना रातोरात पोर्ट्समथहून आणले, त्यासाठी ५० लाख पौंड भरपाई मोजली. पोचेटिनो यांच्या नावावर तेव्हा एकही करंडक नव्हता. याउलट रामोस, मोरिन्यो आणि कॉन्ते हे करंडकांच्या राशी घेऊन आले, आणि तिघांपैकी कोणीही दीड वर्ष पुरे केले नाही.

निष्पत्ती

२०२३ मध्ये पोस्टेकोग्लू यांना नेमताना पुन्हा आक्रमक खेळाकडे वळण घेतले गेले. पहिल्या हंगामात पाचवा क्रमांक आला. दुसऱ्या हंगामात दुखापतींनी बचावफळी कोलमडली, लीगमध्ये २२ पराभव झाले आणि संघ ३८ गुणांसह सतराव्या स्थानी राहिला. त्याखाली फक्त पदावनत होणारे तीन संघ होते. आपण दुसऱ्या वर्षी नेहमी काहीतरी जिंकतो, असे पोस्टेकोग्लू यांनी हंगामाच्या सुरुवातीला सांगितले होते आणि ते खरे करून दाखवले. तरीही क्लबने त्यांना काढताना म्हटले की निर्णय विजयाच्या भावनेवर आधारता येत नाही, आणि मागच्या ६६ लीग सामन्यांत ७८ गुण मिळाल्याचा दाखला दिला.

मला हा निर्णय पटतो, हे सांगितले पाहिजे. सतराव्या स्थानाचा हिशेब एका रात्रीच्या करंडकाने पुसला जात नाही. पण मग तो हिशेब फेब्रुवारीतही उपलब्ध होता, आणि लेव्ही यांनी तेव्हा संयम ठेवला म्हणूनच करंडक आला, हेही नाकारता येत नाही. वेळेच्या बाबतीत त्यांचा हा बहुधा सर्वांत चांगला निर्णय, आणि त्याचे श्रेय त्यांना कोणी दिले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महत्त्वाची जागा २०१८ चा उन्हाळा होती, २०१९ चा नोव्हेंबर नव्हे. स्टेडियमच्या खर्चामुळे खरेदी शक्य नव्हती हे मान्य केले, तरी विक्री शक्य होती. कराराची दोन वर्षे उरलेल्या खेळाडूंना तेव्हाच विकून त्या पैशात तरुण खेळाडू घेतले असते, तर पोचेटिनो यांना हवी असलेली पुनर्बांधणी कर्ज न वाढवता सुरू झाली असती. चांगली किंमत येईपर्यंत सौदा ताणून धरण्याची लेव्ही यांची ख्याती होती. बर्बातोव आणि नंतर गॅरेथ बेल यांच्या विक्रीत ती फळली. एरिक्सनच्या बाबतीत ताणता ताणता करारच संपत आला, आणि शेवटी जानेवारी २०२० मध्ये त्याला कमी किमतीत इंटर मिलानकडे जाऊ द्यावे लागले.

दुसरी जागा फुटबॉल संचालकाच्या पदाची. हे पद २००४ नंतर कधी ठेवले गेले, कधी रद्द झाले, कधी दुसऱ्या नावाने परत आले. फ्रँक आर्नेसन, कोमोली, फ्रँको बाल्दिनी, फाबिओ पारातिची अशी माणसे आली आणि गेली. खेळाची दिशा ठरवणारा आणि मॅनेजरहून जास्त काळ टिकणारा असा एक माणूस असता, तर प्रत्येक नवा मॅनेजर आधीच्याच्या उलट दिशेचा निघाला नसता. त्या जागी सातत्य होते ते फक्त अध्यक्षांचे, आणि अध्यक्षांचा व्यासंग जमाखर्चाचा होता.

तेव्हा वारंवारच्या बदलांचा दोष लेव्ही यांचा का? माझे उत्तर असे की काढण्याचा दोष त्यांच्यावर थोडा येतो, निवडीचा बराच, आणि निवडीसाठी कोणतीही टिकाऊ व्यवस्था न उभारल्याचा पूर्णपणे. मॅनेजर पडला की त्याची चौकशी दर शनिवारी गुणतक्त्यावर होत होती. त्याला निवडणाऱ्याची चौकशी करणारा तक्ता क्लबमध्ये कुठेच टांगलेला नव्हता.

४ सप्टेंबर २०२५ रोजी लेव्ही स्वतः अध्यक्षपदावरून पायउतार झाले. त्यांनी नेमलेल्या थॉमस फ्रँक यांचे तोवर लीगमधले तीन सामने झाले होते: दोन विजय, एक पराभव.